नव्वद हजेऱ्या

“मुलाचा जन्म कुठला?” तहसील कचेरीतले पेशकार उत्तरेश्वररावांनी तिसऱ्यांदा विचारले.

रुद्रम्माने तिसऱ्यांदा पदर सारखा केला. उत्तर तिला पाठ होते. तिचा मुलगा भीमाशंकर याने सकाळी उमरग्याला येताना बैलगाडीत ते तिच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतले होते: जन्म आमच्याच गावी, सासरी.

खरा जन्म तिच्या माहेरचा. माहेर ओढ्यापलीकडे दीड कोसावर. आणि ओढ्यापलीकडे निजामाची हद्द संपून अक्कलकोट संस्थान सुरू होत असे. पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यात कोणी काही विशेष केले नव्हते. परंतु भीमाशंकरच्या हैदराबादच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचे प्रकार दोनच होते, मुल्की म्हणजे निजामाच्या मुलखातले आणि गैरमुल्की म्हणजे बाहेरचे, आणि निजामी सन १३५३ फसलीपासून ते जन्मस्थानावरून ठरू लागले होते. गैरमुल्कींना विज्ञान शाखा बंद. प्रकार निश्चित होईपर्यंत विद्यार्थ्याने तासांना बसावे, मात्र त्याची हजेरी मांडू नये, असेही एक कलम होते.

हिशेब साधा होता. वर्षाचे तास एकशेवीस. परीक्षेला बसण्यासाठी हजेऱ्या नव्वद. तीस तास होऊन गेले होते. त्यांपैकी सत्तावीस तासांना भीमाशंकर पुढच्या बाकावर होता, आणि नोंदीप्रमाणे एकाही तासाला नव्हता. आज गुरुवार. उद्या शुक्रवारची सुट्टी. शनिवारपासून वर्ष संपेपर्यंत एकही तास चुकला नाही, तर नव्वद भरत. त्यासाठी हातात मुल्की असल्याचा दाखला घेऊन हैदराबादची दोनची मोटर गाठायला हवी होती. कचेरीतल्या घड्याळात एक वाजून गेला होता. ते घड्याळ किती मागे आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

गावच्या वहीतली त्या वर्षाची पाने वाळवीने खाल्ली होती. म्हणून आईचा जबाब.

“बाई, एका गावाचं नाव सांगायला एवढा वेळ?” पेशकार म्हणाले. “मला जेवायला जायचंय.”

“बोला की वैनी,” बाकावरून अण्णाराव म्हणाला. तो तिच्या दिवंगत नवऱ्याचा चुलतभाऊ. साक्षीदार म्हणून आणलेला. “तुमी बोलल्याबिगर म्या अंगठा कशावर उठवू?”

अण्णारावाच्या कानावर पडलेले संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक चुलीपाशी पोचत असे.

“सासरी,” रुद्रम्मा म्हणाली. “आमच्या गावातच झाला.”

भीमाशंकरने श्वास सोडला. ती घाई झाली.

उत्तरेश्वररावांनी उचललेला टाक पुन्हा खाली ठेवला. “पहिलटकरीण होतात ना? मग सासरी कसं? तहसीलदारसाहेब नेमकं इथंच बोट ठेवतात. मागच्या आठवड्यात दोन अर्ज परत आले. कारण लिहावं लागंल.”

कारण पाठ करून घेतलेले नव्हते. भीमाशंकरने गणितातले प्रत्येक पद दोनदा तपासले होते. हे पद त्याला दिसलेच नव्हते.

“लिव्हा साहेब,” दारातून आवाज आला. कल्याणप्पा चौकटीला टेकून उभे होते. सत्तरी उलटलेली. सकाळची गाडी त्यांची, बैलही त्यांचे. “म्या तिचा बाप. न्ह्यायला मुराळीच धाडला न्हाय म्या.”

“असं व्हय?” अण्णाराव हसला. “आन् आमी इतकी वर्सं ऐकतोय, माहेरी पाच म्हयने तूपभात खाऊन आली म्हून.”

“अज्जा, तुमचं गाव?” पेशकारांनी विचारले.

“वढ्याच्या पल्याड. अक्कलकोटात.”

“मग तुमचा जबाब चालत नाही. तुम्ही गैरमुल्की. बाईंनीच सांगायला पाहिजे, त्यांच्या तोंडानं. बापानं नेलं नाही, आणि का नेलं नाही.”

रुद्रम्माला त्या वेळची गाडी आठवली. सातव्या महिन्यात कल्याणप्पा मुराळी न धाडता स्वतः आले होते. गाडीला धक्का बसू नये म्हणून दीड कोस बैलांच्या पुढे, वाटेतले दगड उचलत, पायी चालले होते.

“अव्वा,” भीमाशंकर हळूच म्हणाला. “मोटर.”

“मला ऐकू येतंय.”

“सांग की गं,” कल्याणप्पा म्हणाले. “माज्या अंगाला काय भोकं पडत्यात?”

अण्णाराव पुढे सरकून बसला.

“लिव्हा,” रुद्रम्मा म्हणाली. “न्ह्यायला बापच नव्हता मला. म्या तिसऱ्या म्हयन्यात असताना वारला.”

पेशकारांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग दाराकडे. अण्णाराव बाकावर मागे सरकला. भीमाशंकर घड्याळाकडे पाहत होता, पण त्यात किती वाजले हे नंतर त्याला सांगता आले नसते.

“नाव?” पेशकारांनी विचारले.

“कल्याणप्पा.”

टाक बराच वेळ कुरकुरला. मग नियमाप्रमाणे उत्तरेश्वररावांनी लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना त्यांनी मान वर केली नाही. “जबाब देणारीचे वडील कल्याणप्पा, मयत. सबब प्रसूती सासरी.”

रुद्रम्माने अंगठा पुढे केला. तो शाईत बुडवायला पेशकारांना तिचे मनगट धरावे लागले.

“शाईवर वाळू टाका साहेब लौकर,” कल्याणप्पा दारातून म्हणाले. “मयताला गाडी जुपायचीय. पोराची मोटर चुकंल.”