नळसखीची पाहणी

डिजिटल क्रांती समाजातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे, असं 'लोकहित डिजिटल निधी'च्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत छापलेलं आहे. भवानी पेठेतल्या या बोळात शेवटचं माणूस म्हणजे धनलक्ष्मी. नळाची लाइन तिच्या उंबऱ्याशी संपते.

भर दुपारी अडीच वाजता निधीचे तपासनीस अनिलकुमार तिच्या दारात येऊन उभे राहिले. सोबत 'नळसखी' हे ॲप बनवणारा शिवराज. पाणी आल्याची बातमी घरोघर पोचवायची, या कामासाठी त्याला सरकारी पैशाचा पहिला हप्ता मिळाला होता. दुसरा आजच्या शेऱ्यावर अडकला होता. मधल्या मध्ये त्याने फोन करून कुणाला पढवून ठेवू नये, म्हणून त्याचा फोन साहेबांनी स्वतःच्या खिशात ठेवून घेतला होता.

"तुमचं ॲप म्हणतं," अनिलकुमार टॅबकडे बघत म्हणाले, "या बोळात पाच महिन्यांत पाण्याचा थेंब आलेला नाही. त्रेचाळीस घरं, सगळ्यांचं उत्तर 'नाही'. आणि माणसं तर धडधाकट हिंडतायत."

"सर, लोक 'आलं' दाबतच नाहीत. एकाने दाबलं की सगळ्या बोळाला मेसेज जातो. पण पहिल्यांदा कुणीतरी दाबायला पाहिजे ना."

लोक दाबत नव्हते याला कारण होतं. 'आलं' म्हटलं की ॲप पुढे विचारायचं, 'दाब कसा होता?' समोरच्या चंद्रव्वाने या प्रश्नातली मेख पहिल्याच दिवशी ओळखली होती. पाणी आलं का हे विचारणारा माणूस भला असू शकतो. दाब विचारणारा मोटार जप्त करायला आलेला असतो. नळाला मोटार लावायला बंदी आहे आणि बोळात मोटार नसलेलं घर नाही.

पाणी खरं तर उद्या यायचं होतं. ते आजच, कुणालाही न सांगता, अडीचला पाच मिनिटं असताना आलं होतं. बोळ जेवून आडवा झाला होता. जागी होती एकटी धनलक्ष्मी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या गाडीने चारशे कडक भाकऱ्या पाठवायच्या होत्या आणि घरातलं पिंप कोरडं होतं. मोरीत तिने पाटी पालथी घातली होती. पाटीखाली मोटार होती. मोटार सुरू होती.

"हा आवाज कसला?" अनिलकुमारांनी विचारलं.

"फ्रिजचा."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चूल, परात, पिठाचे डबे. "फ्रिज कुठाय?"

"दुरुस्तीला टाकलाय की."

शिवराज भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"ताई, मोटार असली तरी माझं काही म्हणणं नाही. मी पाणीखात्याचा नाही. आमचा विषय फक्त डिजिटल."

"दिवाळीच्या आधी पण असेच दोघं आल्ते," धनलक्ष्मी म्हणाली. "तब्येतीचा सर्वे हाय म्हणले. चंद्रव्वाचं बीपी मोजलं आणि जाताना मोटार घेऊन गेले."

"ते आम्ही नव्हे."

"ते पण असंच म्हणले की, आमी त्यातले न्हाई."

शिवराज काकुळतीला आला. "मावशी, एकदाच दाबा ओ. माझी दोन वर्षं गेलीत यात."

"तुझं बरं हाय बाबा. माझी मोटार गेली तर चारशे भाकऱ्यांचं पीठ काय थुकीनं मळू?"

शिवराज साहेबांकडे बघू लागला. मोटार तेवढी बोलत होती.

"लिहून द्या," धनलक्ष्मी म्हणाली.

"काय?"

"हितं मोटार न्हाई म्हणून. सही करून."

अनिलकुमारांनी एका कोऱ्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'पाहणीच्या वेळी मोटार आढळली नाही.' मोटारीच्या आवाजामुळे त्यांना ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. खाली सही, तारीख. तिने शिक्काही मागून घेतला. कागद ज्वारीच्या डब्यात पिठाखाली घातला, हात पदराला पुसले आणि फोनवर 'आलं' दाबलं. दाब कसा होता? उत्तम.

शेजारच्या घरात टिंग वाजलं. मग पलीकडे. मग बोळभर. 'तुमच्या भागात पाणी आले आहे. आपली, नळसखी.'

"अकरा सेकंद, सर!" शिवराजचा आवाज फाटला.

अनिलकुमारांनी टॅबवरून मान वर केली. खाटा करकरल्या, दारं उघडली, बादल्या आपटल्या. बोळाच्या तोंडाशी एक मोटार सुरू झाली. मग दुसरी. मग मोजता येईनात.

"यव्वा, धनलक्ष्मी!" चंद्रव्वा समोरच्या दारातून ओरडली. "लई बेस हाय की गं हे ॲप! उगंच भ्यालो आपण!"

साहेब व्हिडिओ घेत होते. मोरीतला पाइप एकदा खोकला, दोनदा खोकला आणि नुसती हवा ओढू लागला. धनलक्ष्मीने मोटार बंद केली.

'सामाजिक लाभ' या रकान्यात अनिलकुमारांनी तिथंच उभ्याउभ्या 'तत्काळ' असं भरलं. शिवराजचा फोन त्याला परत दिला.

पिंपात वीतभर पाणी होतं. पुढचं पाणी पाचव्या दिवशी.