उघड्या चोची

"अजून जरा डावीकडे, डॉक्टर. हां, आता बसली."

डॉक्टर स्टुलावरून उतरले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. लहान मुलांच्या या दवाखान्यात भिंतीवर आजवर लसींचा तक्ता काय तो होता. आता शेजारी, डॉक्टरांनीच काढलेल्या फोटोत, बुलबुलाची मादी आली होती. घरट्याच्या काठावर पंख पसरून उभी. खाली तीन आ वासलेल्या चोची.

"पोरं सुई टोचल्यावर रडायचं विसरतील," सिस्टर म्हणाल्या.

"भुकेनं कसा कालवा चाललाय बघा," डॉक्टर म्हणाले.

सगळा उन्हाळा त्यांनी त्या घरट्यापायी घालवला होता. घरामागच्या कुंपणात, न्हाणीघराच्या खिडकीसमोर ते होतं. दुपारी दवाखाना बंद झाला की ते कॅमेरा घेऊन खिडकीशी ठाण मांडत. "माझ्याकडे कधी एवढं टक लावून बघितलं नाहीत," बायको म्हणे. पण पानांआडून शेपटीखेरीज काही दिसेल तर शपथ. शेवटी एका दुपारी, पाखरू चाऱ्याला गेलेलं पाहून, त्यांनी पट्ट्या कापायच्या कात्रीनं दोनच डहाळ्या छाटल्या. घरट्याला बोट लावलं नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला. ऊन घरट्यात दुधासारखं सांडलं. मग आई आली, काठावर बसली आणि तिनं पंख उघडले. असा क्षण नशिबानं मिळतो.

पुढचे दोन दिवस फोटोच्या कौतुकात गेले. नंतर बघितलं तर घरटं रिकामं.

"उडाली," ते बायकोला म्हणाले होते. "पंख फुटले की कोण थांबतं?" लेक शिकायला परगावी गेली तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

धाडकन दार उघडलं. एक तरुण आई आत शिरली. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातानं त्याच्या डोक्यावर ताणून धरलेला पदर. आत सावलीत आली तरी तिनं तो खाली सोडला नव्हता.

"सकाळपासून असाच आ वासतोय, डॉक्टर. मला वाटलं भूक लागलीय. पाजायला घेते तर ओढतच नाही."

डॉक्टरांचे हात बोलण्याआधी चालू लागले. झबलं काढलं. ओल्या फडक्यानं अंग पुसलं. पंखा वाढवला. साखरमिठाचं पाणी चमच्यानं थेंब थेंब ओठांत सोडलं. किती तरी वेळानं बाळानं तोंड मिटलं, आणि मग असं भोकाड पसरलं की सिस्टर हसल्याच. "आला बाई, राजाचा आवाज आला!"

"अहो, ही भूक नव्हे," डॉक्टर रागावले. सुटकेचा राग होता तो. "उन्हानं धापा टाकत होतं लेकरू. भुकेचं तोंड वेगळं आणि तापलेलं तोंड वेगळं. एवढं कळू नये?"

आईनं मान खाली घातली. सिस्टरांना तिची कणव आली. तिचं मन रमवायला त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"ते बघा. तुमच्यासारखीच एक आई. पिल्लांना भरवतेय."

आईनं डोळे पुसले, वर बघितलं. बघतच राहिली.

"पण हिच्या चोचीत तर काहीच नाही."

डॉक्टरांनी हसत वर पाहिलं. हसू ओठांवरच राहून गेलं, कुणीतरी विसरून गेल्यासारखं. चोच रिकामी होती. पंख उडायला उघडलेले नव्हते. पदरासारखे ताणून धरले होते. त्यांच्या अगदी वर, फोटोच्या कोपऱ्यात, छाटलेल्या डहाळीचं पांढरं टोक. आणि तीन चोचींतली एकही आईकडे वळलेली नव्हती. माना कललेल्या होत्या.

"डॉक्टर, बसा जरा," सिस्टर म्हणाल्या.

ते बसले नाहीत. स्टूल ओढून पुन्हा वर चढले. काचेला नाक लागेल इतके जवळ गेले.

पिल्लं गुलाबी होती, उघडी. अंगावर एक पीससुद्धा फुटलेलं नव्हतं.