पहिल्या अंड्याची वाट

आई परसातून रिकामी टोपली घेऊन आत आली आणि दारातूनच तिनं मान हलवली. आजही नाही.

ओट्याशी उभ्या असलेल्या लेकीनं गॅस बारीक केला. "मिळेल गं. पुस्तकात लिहिलंय, काहींना उशीर लागतो."

"तुझं पुस्तक कोंबड्यांनी वाचलेलं दिसत नाही, चिमणे," आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

टेबलाशी बसलेला दादा हसला नाही. तो सकाळच्या गाडीनं आला होता आणि येताना एक मोठं खोकं घेऊन आला होता. खोक्याला त्यानं हवेसाठी भोकं पाडली होती.

उन्हाळा सरता सरता आईच्या ऑपरेशनचं ठरलं, तेव्हा तिनं डॉक्टरांसमोरच अट घातली होती. लेकीनं नुकत्याच चार तलंगा आणल्या होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. "त्यांचं पहिलं अंडं खाल्लं की दाखल होते," आई म्हणाली. डॉक्टर हसले, दादाही हसला. म्हाताऱ्या माणसाची हौस, थोड्या दिवसांचा तर प्रश्न. बाबा असल्याच एका ऑपरेशनला गेले आणि घरी आले नाहीत, हे त्या खोलीत कुणीच बोललं नाही.

आता थंडी पडायला लागली होती.

आयुष्यात कधी पोपटही न पाळलेल्या या मायलेकींनी खुराडं उभं केलं होतं. जाळी ठोकताना बोटं ठेचून घेतली. दार उलटं बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. अंडी घालायच्या पेटीत भुसा पसरला आणि कोंबड्यांना जागा कळावी म्हणून त्यात एक लाकडी अंडं ठेवलं. लेक पुस्तकात बघून दाण्यात शिंपल्यांचा चुरा मिसळायची. सकाळी खुराडं उघडायचं काम मात्र आईचं. त्यात ती कुणाला हात घालू द्यायची नाही. लेक मागाहून पाणी बदलायला जायची, तीही दाराची कडी चांगली खडखडवून. एकदम गेलं की कोंबड्या बिचकतात, असं तिचं म्हणणं.

आई मात्र सुधारल्यासारखी दिसत होती. कोंबड्यांशी भांडायची, शेजारच्या शिंपीणबाईंकडे झाकल्या भांड्यातून परसातली भाजी पोचवायची, जेवताना आपणहून वाढून घ्यायची.

"तुरे केवढे लाल झालेत," दादा खिडकीतून बघत म्हणाला. "आणि ओरडतात तर रोज. फोनवर ऐकतो ना मी."

"मांजर येतं," आई आतून म्हणाली.

"मांजर," लेकीनं दुजोरा दिला.

दादानं आवाज खाली आणला. "काल डॉक्टरांचा फोन होता. गाठ वाढतेय. या आठवड्यात नाही आणलं तर नंतर ते हात लावणार नाहीत. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग समजावत का नाहीस तिला? तुझं ऐकते ती."

"समजावते की."

"काय समजावतेस? कोंबड्यांना शिंपले चारत बसतेस." तो उठला आणि त्यानं खोकं उचललं. "मित्राचं फार्म आहे. आजच नेऊन सोडतो तिकडे. कोंबड्याच नाहीत म्हटल्यावर अंड्याचा प्रश्नच नाही. मग बघू काय बहाणा उरतो."

ती मागच्या दारात आडवी उभी राहिली. "आत्ता नको. ऊन उतरू दे, दादा. प्रवासात मरतील त्या."

"बाजूला हो."

"दादा, ऐक तरी."

"जाऊ दे त्याला," आई म्हणाली. ती हात पुसत मागे येऊन उभी होती. "त्याच्या जिवाला घोर लागलाय."

दादा खुराड्यात वाकला. तीन कोंबड्या पंख फडफडवत पळाल्या. चौथी, ठिपक्यांची, पेटीत नव्हतीच. दाण्याच्या डब्यामागे अंग चोरून बसली होती. त्यानं तिला धरून उचललं, तिनं त्याच्या मनगटाला चोच मारली, आणि तो तसाच थांबला. मग त्यानं कोंबडी सोडून दिली आणि हात पुन्हा डब्यामागे घातला.

"आई," तो म्हणाला. "अंडं आहे. गरम आहे अजून."

चांगलं टपोरं होतं. आईनं लेकीकडे पाहिलं. लेक अंड्याकडे बघत होती.

आईनं शब्द फिरवला नाही. अंडं उकडलं, दोऱ्यानं कापून त्याचे तीन भाग केले, वर मीठ भुरभुरवलं. दादानं आपला तुकडा एका घासात संपवला आणि गाडीची चौकशी करायला फोन लावला.

"कसं लागलं?" आईनं विचारलं.

"छान आहे," लेक म्हणाली.

"पहिलंच ना," आई म्हणाली आणि बशा उचलून मोरीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ती दाखल झाली. ऑपरेशन मध्येच थांबवावं लागलं. डोक्यावरची टोपी हातात घेऊन सर्जन बाहेर आले, "थोडं आधी आणलं असतं तर," एवढं म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

आई गेल्यानंतर भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली. एका सकाळी दादा मागच्या पायरीवर बसला होता. कोंबड्या त्याच्या पायांशी माती उकरत होत्या. बहीण दाण्याचा वाडगा घेऊन उभी होती.

"माझ्या डोक्यातून जातच नाही," तो म्हणाला. "यातल्या एकीनं, फक्त एकीनं, महिनाभर आधी अंडं घातलं असतं, तर आई आज इथे असती."

तिनं मूठभर दाणे मातीत टाकले.

"मुकी जनावरं ही. त्यांच्यावर राग तरी काय काढायचा?" त्यानं तळव्यानं डोळे पुसले. "तू तर केवढं केलंस त्यांच्यासाठी. रात्रंदिवस ते पुस्तक वाचत होतीस."

तिनं वाडगा खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"दादा, या केव्हापासूनच अंडी देताहेत," ती म्हणाली. "आई लपवायची. आणि मी तिला लपवू द्यायचे."