रविवारच्या पेपरातलं मरण

आमच्या सालामांका शहराच्या पेपरात दर रविवारी येणाऱ्या कादंबरीत लेखकाने मला, टोपीवाल्या सातुर्निनोला, नावासकट घातलं होतं. कालच्या भागात त्याने मला मारून टाकलं. आज सकाळी दुकान उघडलं, तर गिऱ्हाइकं माझ्याकडे न बघता दारात मेणबत्त्या लावत होती.

तडक कॅफेत जाऊन लेखकाला गाठलं. “मला परत जिवंत करा.”

“अहो, सगळं शहर रडलंय. आता तुम्हाला उठवलं तर माझं हसं होईल.”

घरी आलो, तर काळे कपडे घातलेली बायको शेजारणींच्या घोळक्यात बसलेली.

“अगं ब्रिहिदा, तू तरी सांग यांना.”

तिने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं.


“इथे गप बसा. तुमच्याबद्दल इतकं चांगलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकतेय,” म्हणाली आणि तिने बाहेरून कडी घातली.