एकहाती घडी

हॉटेलच्या लॉन्ड्रीत दोघी जावा समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायच्या. हल्ली थोरलीचा खांदा इतका धरला होता की चादर झटकताना तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. पण कामाला नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं. धाकटीचा जीव तुटायचा. वेळ वाचवायच्या क्लृप्त्या सांगणारे मोबाइलवरचे व्हिडिओ तिने पालथे घातले आणि चादरीची दोन टोकं भिंतीतल्या आकड्यांना अडकवून एकटीनेच घडी घालायची युक्ती शोधून काढली.

"ताई, तुम्ही बसा बघू आता निवांत," म्हणत तिने थोरलीला स्टुलावर बसवलं आणि चादरींचा ढीग जेवणाच्या सुट्टीआधीच हातावेगळा केला. थोरली तर हरखूनच गेली. दिसेल त्याला हाताला धरून आणायची, "बघा, माझ्या जावेचं डोकं कसं चालतं ते!"

होता होता गोष्ट मॅनेजरच्या कानावर गेली. त्यांनी दारातूनच सगळं पाहिलं, मान डोलावली आणि धाकटीला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"कमाल केलीत बाई! म्हणजे आता हे एकटीचंच काम झालं. जाऊबाईंना म्हणावं, उद्यापासून येऊ नका. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील त्या."

तिने हात जोडले, खूप विनवलं. पण साहेब फोनवर बोलायला लागले होते. ती बाहेर आली, तर थोरली दाराशीच उभी.



"सांग ना गं लवकर, काय बक्षीस दिलं साहेबांनी?"