विजयाची हलगी

"ताई, जिंकलो! कुत्र्यांच्या शर्यती जिल्ह्यात कायमच्या बंद!" सदाशिव फाटकातूनच ओरडला आणि त्याच्या मागून आलेल्या कार्यकर्त्यांनी कुंदाताईंना गुलालात माखून टाकलं. गावोगावच्या जत्रांत शिव्या खात काढलेल्या वर्षांनंतर हा दिवस उजाडला होता. "पुरे रे," म्हणत ताईंनीही मूठभर गुलाल उधळला. तेवढ्यात कुणीतरी हलगी कडाडवली.

ओसरीत गोणपाटावर पडलेल्या हरणीचे कान ताठ झाले. शर्यतीत पाय मोडल्यावर मालकाने ओढ्यात टाकून दिलेली ही कुत्री ताईंनीच उचलून आणली होती. पाय जुळला, पण हृदय पार कमकुवत झालं होतं. तिला अजिबात पळू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि शर्यतीत कुत्री सोडतात ती हलगीच्या ठोक्यावरच, हे ताईंइतकं कुणाला ठाऊक होतं?

हरणी उठली आणि कान पाडून अंगणातून सुसाट सुटली.

"बघा, तिलापण आनंद झालाय!" सदाशिव टाळ्या पिटू लागला.

"अरे, हलगी थांबवा आधी!" ताई जिवाच्या आकांताने ओरडल्या, पण त्या कडकडाटात कुणालाच ऐकू गेलं नाही.

धापा टाकत त्या बांधाच्या टोकाला पोहोचल्या, तेव्हा हरणी आडवी पडली होती. छातीचा भाता थांबला होता. ताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

हात उचलला, तर कपाळभर गुलाल. जत्रेत पहिल्या आलेल्या कुत्र्याला लावतात, अगदी तसाच.