छे छे

मालकानं रोलर बंद केला तेव्हाच सगळ्यांना कळलं, आज नव्या मुकादमाचं नाव निघणार. इस्त्रीचा तो धडधडणारा रोलर थांबला की त्या लॉन्ड्रीत कानठळ्या बसल्यासारखी शांतता व्हायची. माणसं हातातल्या चादरी टाकून उभी राहिली.

त्या जागेवर दोघांचा डोळा होता. एक शिट्टी, म्हणजे दिवसभर शिट्टी वाजवत गाड्या ढकलणारा तो लाल केसांचा, इथलाच माणूस. शिट्टी हे नाव म्हाताऱ्यानं ठेवलेलं, घरात वापरण्यापुरतं. आणि दुसरी म्हाताऱ्याची लेक.

म्हातारा त्या रोलरपाशीच पिकला होता. या परमुलखात उतरला तेव्हा लेक कडेवर होती. आता ती रोलरच्या नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायची. डाग राहिले म्हणून इस्पितळातून परत येणाऱ्या चादरी तिनंच बंद केल्या होत्या. मालकाला हे काही नवीन नव्हतं. तरी त्यानं सगळ्यांदेखत म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्ही इथले सगळ्यांत जुने. तुमची मुलगी हा कारभार सांभाळेल का?"

म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. ऊर भरून आला की आपल्याकडचा माणूस काय करतो? मान खाली घालतो.

"ती? कसली हो ती! अजून पुष्कळ शिकायचंय. राग नुसता नाकावर. तुम्ही मोठे, तुम्हीच ठरवा." भाषा मालकाची होती, रीत आपली.

एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्याचं नव्हतंच. आपण आपल्या पोरीला दोन बोटं खाली दाबायचं, आणि समोरच्यानं 'छे छे, काहीतरीच काय, अशी पोर शोधून सापडायची नाही' म्हणत तिला हातभर वर उचलायचं. त्याचा बाप असंच बोलायचा, आणि समोरचा दरवेळी न चुकता उचलायचा.

मालक म्हणाला, "सरळ बोललात. आभारी आहे."

आणि त्यानं शिट्टीचा हात हातात घेतला. टाळ्या वाजल्या. रोलर पुन्हा धडधडू लागला.

लेकीनं म्हाताऱ्याला गाड्यांच्या आडोशाला गाठलं.

"बाबा, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"अगं, आपल्याच पोरीचं कौतुक आपल्याच तोंडानं? चारचौघांत?"

"शिट्टीची बायको परवा इथं येऊन सांगून गेली, माझा नवरा लाखात एक आहे म्हणून. हसलं का कुणी तिला?"

"ते लोक वेगळे. आपल्यात दृष्ट लागते, बाई."

"लागलीच की. घरातलीच लागली."

"मला वाटलं, तो म्हणेल..."

"काय म्हणेल?"

"छे छे म्हणेल."

वेड्याकडे बघावं तशी ती बापाकडे बघत राहिली. "त्याला काय स्वप्न पडणार होतं? बरं, मालकाचं मरू दे. घरात, दार लावून, मला कधी म्हणालात? एकदा तरी?"

म्हातारा आठवू लागला. तो आठवतोय हे बघूनच तिला काय ते कळलं.

"केसानं गळा कापलात माझा," ती म्हणाली, "आणि वर रीत सांगताय."

मग वरातीमागून घोडं निघालं. म्हातारा टोपी हातात घेऊन मालकाच्या खोलीत गेला. "माझी मुलगी चांगली आहे," तो म्हणाला. "फार चांगली. इथं सगळ्यांत चांगली." भर बाजारात धोतर सुटावं तसं झालं त्याला.

मालक हसला. छद्मी हसला असता तर बरं होतं. तो मायेनं हसला.

"मघाशी तुम्ही खरं बोललात. आता बाप म्हणून बोलताय. जा, कामाला लागा."

तो परत आला तेव्हा लेक मोठी चादर धरून उभी होती. मोठ्या चादरीला दोघं लागतात. मग त्या दोघांत कितीही वाजलेलं असो. त्यानं पलीकडची दोन टोकं धरली. दोघांनी ती झटकली, ताणली. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

शिट्टी वाजवतच नवा मुकादम आला. म्हाताऱ्याच्या डोक्यावरून तो लेकीशी बोलला, जसा काही मध्ये खांब असावा. "याला आता तळघरात पाठवावं म्हणतो, घाणेरडे कपडे निवडायला. रोलरवर जमतं का अजून? तुझा बाप आहे, तुलाच ठाऊक."

तळघराला खिडकी नव्हती. तिथं गेलेलं माणूस पुन्हा वर येत नसे.

लेकीनं मान खाली घातली. अगदी त्याच्यासारखी.

"त्यांना? कसलं हो जमतंय! हात थकलेत. तुम्ही मोठे, तुम्हीच ठरवा."

चादर तशीच ताणलेली राहिली. म्हाताऱ्यानं शिट्टीकडे बघितलं. मग गाड्या ढकलणाऱ्यांकडे, मग रोलरवरच्या बायांकडे, एकेका तोंडाकडे, पुढचं वाक्य कुणीतरी म्हणेल म्हणून.

"आभारी आहे," शिट्टी म्हणाला.

लेक आपली दोन टोकं घेऊन घडी घालायला चालत आली. ती टोकं तिनं म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि पुढची चादर उचलायला वळली.